शहबाच्या पायातली वादी

उम्म रिजम, डांबरी रस्ता
२ डिसेंबर १९७३

माझ्या आईच्या लेकी वदहा, सलाम.

टँकरवाल्या बर्जसने तुझा निरोप पोचवला, तुपाचा डबाही पोचवला. डबा वाटेत हलका झालेला दिसला आणि बर्जसच्या मिशा चकाकत होत्या. पण पत्रं नेणाऱ्या माणसाशी भांडू नये.

इथे थंडी अशी पडली आहे की सकाळी दाढी कंगव्याने नाही, हातोडीने विंचरावी. तेलाच्या नळवाल्या कंपनीने सोडलेल्या याच दगडी खोल्यांसमोर मी एके काळी ट्रकच्या चाकांत हवा भरायचो. आज त्यात आखातातल्या बड्यांचे ससाणे हिवाळा काढतात. पाटीवर मी 'ससाणा केंद्र' असं रंगवून घेतलंय. लोक 'नहारचं खुराडं' म्हणतात. म्हणोत. खुराड्यात नऊ पक्षी आहेत आणि त्यातली शहबा, ती राखाडी-पांढरी मादी, सबंध खुराड्याची राणी आहे.

खिडक्यांना गालिचे ठोकलेत. निखारे बाहेर फुलवतो, धूर संपला की आत नेतो, कारण धूर म्हणजे ससाण्याच्या छातीला विष. दुपारनंतर पाणी दाखवत नाही. ओल्या पिसांनी रात्रीत मरतात. थंडीने त्यांच्या पायांतल्या चामड्याच्या वाद्या कडक होऊन तडकू लागल्या होत्या. मग बाबांची युक्ती आठवली. बाबा उंटाच्या खोगिराच्या पट्ट्यांना मेंढीच्या शेपटीची चरबी चोळायचे ना, तशी कोमट करून मी सगळ्या वाद्यांना चोळली. आता लोण्यासारख्या मऊ झाल्यात.

दहा जानेवारीला पाहुणे शिकारीला येतील, म्हणून पक्ष्यांचं मांस निम्म्यावर आणलंय. पोट भरलेला ससाणा माळढोकाकडे बघतो तो व्याह्याकडे बघावं तसा: ओळख आहे, पण उठायची इच्छा नाही.

आता खरी गोष्ट. तुझ्या लाडक्या दिराचं, मिजवलचं, आणि माझं वाजलं. तो म्हणतो, "थंडीत मांस वाढवायचं असतं, नहार. कमी करशील तर मरतील." मी म्हटलं, "मालक कोण?" तर काल त्याने चोरून शहबाला अख्खं कबूतर चारलं. मी त्याला थोबाडीत दिली. हो, लोकांसमोर. बर्जसही होता, तो तिखटमीठ लावून सांगेलच. मिजवलने गालही चोळला नाही. सामान बांधलं, पक्ष्यांच्या खोलीत जाऊन आला आणि दारात थांबून म्हणाला, "तुझे पक्षी एकमेकांना खातील, नहार." आणि चालत निघून गेला.

तुझ्याकडे आला तर खाऊ घाल. डोकं थंड झालं की पाठव. माणूस कामाचा आहे, जीभ कामाची नाही.

तुझा भाऊ नहार


तंबू, अबू हफना
९ डिसेंबर

माझ्या आईच्या लेका नहार, सलाम.

बर्जसने सांगितलं. तिखटमीठ लावायची त्याला गरजच पडली नाही.

तू तीस वर्षांच्या बाप्याला टँकरवाल्यांसमोर मारलंस. मी या तंबूत नवरी म्हणून आले तेव्हा सासू वारून नऊ दिवस झाले होते आणि मिजवल चिंधीत गुंडाळलेला, मांजरासारखा ओरडत होता. बकरीच्या दुधात बोट बुडवून मी त्याला चोखायला दिलं. माझा स्वतःचा तराद नंतर झाला. पहिला हा. त्याला मी तुझ्याकडे पाठवलं, कारण माझ्या नवऱ्याचा, शाफीचा, हात लवकर उठतो. वाटलं, माझ्या भावाकडे तो सुखी राहील. हसू येतं बघ.

आणि तो बोलला त्यात खोटं काय? बाबा काय म्हणायचे? "उपाशी ससाणा आणि उपाशी पाहुणा, दोघांना एका तंबूत ठेवू नये." तुला बाबांची चरबी बरी आठवली, हे नाही आठवलं.

मिजवल अजून इकडे पोचलेला नाही. दोन दिवसांची वाट, आज आठवडा झाला. उत्तरेकडून आभाळ पिवळं पडलंय आणि मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालतायत. म्हणजे बर्फ येणार. एखाद्या गुहेत बसला असेल तर शोध त्याला. थोबाडीत मारायला जसा पटकन गेलास तसा जा.

वदहा


उम्म रिजम
२० डिसेंबर

वदहा,

शोधला. तू सांगितलंस म्हणून नाही.

अकरा तारखेला बर्फ सुरू झालं आणि सलग दोन दिवस पडलं. पक्ष्यांच्या खोलीचं दार छातीभर बर्फात बुजलं. माझ्या खोलीपासून वीस पावलं, पण ती वीस पावलं वाऱ्याने चालू दिली नाहीत. दोन दिवस त्यांना मांस नाही. तेराला सकाळी फावड्याने दार मोकळं केलं, कडी काढली.

आधी वास आला. मग पिसं, घोट्यापर्यंत पिसं. भिंतीशी ओळीने अड्डे, आणि अड्ड्यांवर बसायचं ते अड्ड्यांखाली उलटं लोंबत होतं, आपापल्या वादीला बांधलेलं. पहिल्याची छाती उघडी, काळीज काढलेलं. दुसऱ्याला डोकं नव्हतं. तिसरा जिवंत होता वदहा, एक पंख मुळापासून उपटलेला, आणि माझ्याकडे बघून त्याने चोच उघडली, जणू मी जेवण आणलंय. त्याची मान मी मोडली, या हातांनी. नवांपैकी सहा गेले. बांधलेले होते, पळणार कुठे? दोघं टोकाच्या अड्ड्यावर रक्ताने माखून थरथरत होते. आणि वर तुळईवर शहबा. पोट टम्म, चोच काळी, डोळे स्वच्छ.

तिचा दोष नाही. ससाणी मारतेच, नाहीतर तिला ससाणी का म्हणायचं? पण नवांपैकी एकटीचीच वादी तुटलेली. तिच्या पायात वीतभर, अड्ड्याला वीतभर. बर्फाच्या आधी माझ्याशिवाय त्या खोलीत शेवटचा कोण गेला होता? दारात उभा राहून कोण म्हणाला होता, एकमेकांना खातील? अर्धी कापून ठेवली, उरलेली तिच्या हिसक्याने तुटली. सरळ हिशेब आहे.

माझ्या चुलतभावाला, फंदीला, तो रस्त्याखालच्या पुलात सापडला, इथून हाकेच्या अंतरावर. इतके दिवस तिथे काय करत होता? म्हणतो, "परत यायचं होतं, लाज वाटत होती." फंदीने आणि पोरांनी त्याला ट्रकमागे बांधून आणला. चालला तेवढा चालला, मग ओढला गेला. मी थांबवायला हवं होतं म्हणशील. माझ्या डोळ्यांसमोर ते बिनडोक्याचं पिल्लू लोंबत होतं.

तो शपथेवर नाही म्हणतो. ठीक. शपथ जिभेवर असते, तर जीभच तपासू. दक्षिणेला विस्तवाचा काजी आहे, त्याच्याकडे नेतो. तापलेला पळा चाटेल. खरा असेल तर जीभ थंड राहील. शाफीलाही कळवलंय.

नहार


अबू हफना
२७ डिसेंबर

माझ्या आईच्या लेका, ऐक. एकदा तरी पूर्ण ऐक. तुला दोन ट्रकांच्या आवाजावरून कोणाचं चाक ढिलं आहे ते कळतं. मग हेही ऐकू यायला हवं.

शाफी विस्तवाला तयार झालाय. भर बैठकीत म्हणाला, "निर्दोष असेल तर आग त्याला चाटेल, तो आगीला नाही." सगळ्यांनी दाढ्या हलवल्या. पुरुषांना असली वाक्यं फार आवडतात.

मी पडद्याआडून ओरडले, "त्याची पाठ बघा आधी!" तुला माहीत नाही, कारण तो तुझ्यासमोर कधी सदरा काढत नाही. दोन वर्षांचा असताना तो चुलीत पडला. मी पाण्याला गेले होते. खांद्यापासून कमरेपर्यंत त्याची कातडी भाजलेल्या कांद्यासारखी निघाली. तेव्हापासून विस्तव पुढे आला की त्याचं तोंड सुकतं. भाकरी भाजतानासुद्धा दूर बसतो, आणि सगळे हसतात. सुकी जीभ तापल्या लोखंडाला टेकली तर काय होईल हे सांगायला काजी लागत नाही.

न्यायचाच असेल तर त्याला आधी पाणी पाज. तोंड भरून, पुन्हा पुन्हा. पळा टेकवायच्या क्षणापर्यंत. एवढंच मागते. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही, तूप पाठवत आले.

आणि विचार कर. कापणारा माणूस एकाच पक्ष्याची वादी का कापेल? आणि तुझ्यावर सूड घ्यायचा तर ज्या शहबाला चोरून कबूतर चारलं, तिच्या पायाला सुरी का लावेल?

वदहा


उम्म रिजम
८ जानेवारी १९७४

शाफीच्या बायकोस,

तुझं पत्र काल मिळालं. बर्फाने रस्ता बंद होता. विस्तव पाच तारखेलाच झाला.

झालं ते लिहितो, म्हणजे ऐकीव गोष्टींवर रडत बसणार नाहीस. काजीने कॉफी भाजायचा लांब दांड्याचा पळा विस्तवात ठेवला. लाल झाला, मग केशरी. तीनदा उलटसुलट करून सगळ्यांना दाखवला. मिजवलला चूळ भरायला वाटी दिली. त्याची नजर पळ्यावर, वाटी कलंडली, पाणी सगळं सदऱ्यावर सांडलं. फंदी म्हणाला, "अरे, मुतलास काय वरून?" लोक हसले. दुसरी वाटी कोणी दिली नाही. मीही नाही.

म्हणाला, "मी वादी कापली नाही." आणि जीभ काढली. पहिल्यांदा टेकवली तेव्हा आवाज आला. तो आवाज मी लिहीत नाही. दुसऱ्यांदा पळा चिकटला आणि काजीला ओढून काढावा लागला. तिसऱ्यांदा त्याने स्वतःहून पुढे केली, डोळे माझ्यावर. जीभ पांढरी, फोडच फोड. काजी म्हणाला, "खोटा."

मग फंदीने त्याचा उजवा हात दगडावर ठेवला आणि तंबूची मेख ठोकायच्या हातोड्याने मनगट फोडलं. म्हणाला, "या हातावर आता ससाणा बसणार नाही." मी सांगितलं नव्हतं. मी तोंड फिरवलं होतं. आवाज मात्र ऐकला. कान फिरवता येत नाहीत.

चाल आहे त्याप्रमाणे डांबरी रस्त्याच्या कडेला मी बेअब्रूचं काळं निशाण लावलंय, मिजवलच्या नावाने. येणारे-जाणारे विचारतात, मी सांगतो. पाहुण्यांना कळवलं, यंदा येऊ नका.

न्याय झाला. झोप लागत नाही ती थंडीने.

नहार


अबू हफना
१५ जानेवारी

नहार,

बर्जसने त्याला टँकरच्या टपावरून उतरवलं. खाली जागा नव्हती असं नाही. त्याला माणसांजवळ बसायचं नव्हतं.

शाफीने बैठकीत उभं राहून सांगितलं, "आजपासून हा माझा भाऊ नाही. याचं रक्त आमचं रक्त नाही. जो मारेल त्याला आम्ही विचारणार नाही." बोलून झाल्यावर कॉफी प्याला. मीही दोन शब्द बोलले. मग मी पडले आणि माझा पुढचा दात तुटला. जमीन गोठलेली आहे, पाय सरकतो.

मिजवल बोलत नाही. जीभ बरी होत आली तरी बोलत नाही. मनगट मी खजुराच्या काड्यांनी बांधलं. बांधताना हाडं पिशवीतल्या खड्यांसारखी वाजली. पाच दिवस छताकडे बघत पडला होता. आज सकाळी अंथरूण रिकामं, आणि शाफीची बंदूक खुंटीवर नाही.

दार लाव. खिडकीपासून दूर बस. हे तुझ्यासाठी सांगत नाही. ज्याला मी बोटाने दूध पाजलं त्याच्या हातून माझ्या भावाचं रक्त सांडू नये म्हणून सांगते.

वदहा


उम्म रिजम
२१ जानेवारी

शाफीच्या बायकोस,

तुझ्या पोराने काल गोळी झाडली.

दुपार होती, ऊन पडलं होतं. पंधरा दिवसांत पहिलं. शहबाला मुठीवर घेऊन मी माझ्या खोलीतल्या खिडकीपाशी तिची छाती चाचपत होतो. काच फुटली आणि माझ्या तोंडावर गरम काहीतरी उडालं. वाटलं, माझंच. खाली पाहिलं तर मुठीवर फक्त तिचे पाय, हातमोज्यात नख्या रुतलेल्या, पाय तसेच उभे. बाकीची भिंतीवर. हातमोज्यातून माझी करंगळीही गेली.

समोरच्या टेकाडावर तो उभा होता, डाव्या खांद्याला बंदूक. पुन्हा झाडू शकला असता. झाडली नाही. मग वळून चालत गेला, पहिल्या दिवशी गेला तसाच. म्हणजे नेम चुकला आणि घाबरला. फंदीही हेच म्हणतो.

गावच्या म्हाताऱ्यांनी मध्ये पडून तीन दिवस आणि एक तृतीयांश अशी शांतता मिळवली, रक्ताची उकळी बसावी म्हणून. ती गुरुवारी संध्याकाळी संपते. इथे बारा बंदुका जमल्यात. सूर्य बुडाला की निघणार. तुम्हीच त्याला टाकलंय, तेव्हा मारल्यावर विचारणारं कोणी नाही. तुमच्या तंबूत असेल तर बाहेर काढा, म्हणजे तुमच्या गालिच्यावर डाग नको.

सोबत चिंधीत शहबाच्या वादीचे दोन्ही तुकडे आहेत. इतके दिवस पुरावा म्हणून पेटीत ठेवले होते. शाफीला दाखव. आपल्या रक्ताने काय केलं ते त्याने हातात घेऊन बघावं.

नहार


अबू हफना
२३ जानेवारी

माझ्या आईच्या लेका,

बर्जसला मी शपथ घातली आहे की ही चिठ्ठी पोचेपर्यंत टँकर थांबवायचा नाही.

चिंधी मी उघडली. शाफीला द्यायच्या आधी. नहार, तू हे तुकडे कधी उजेडात नीट पाहिलेस का? की रागात पेटीत टाकलेस? सुरीने कापलेलं चामडं सरळ असतं. मी जन्मभर चामडं कापत आले. ही कड करवतीसारखी आहे, चंद्रकोरीसारखे बारीक बारीक लचके, एकापुढे एक. आणि नाकाजवळ धर. दीड महिना झाला तरी मेंढीच्या शेपटीचा वास येतोय.

तुझं पहिलं पत्र मी पुन्हा काढलं. तूच लिहिलंयस. मांस निम्म्यावर आणलं. वाद्यांना चरबी चोळली. मग दोन दिवस तेही मांस नाही. बाबा उंटाच्या पट्ट्यांना चरबी लावायचे, नहार. उंट मांस खात नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, डोळ्यांवर ठेव. शाफीची म्हातारी ससाणी दोन दिवसांची उपाशी होती. हाडं दिसायला लागली म्हणून मी भांडतच होते. काल तिच्या अड्ड्याला नवी वादी बांधली, शेपटीची चरबी चोळून, आणि सगळ्या बैठकीला बोलावलं. पडद्यातून बाहेर आले, हो. शाफी उठला, तर त्याच्याच काकाने त्याचा हात धरला, म्हणाला, "बस, बघू दे." तीनदा कॉफी उकळेपर्यंत तिने वादी तोडली आणि तुकडा गिळला. कोणी दाढी हलवली नाही. तिने तोडलेल्या वादीचा उरलेला तुकडा सोबत आहे, शहबाचाही एक परत पाठवते. शहबाच्या तुकड्याशेजारी ठेव आणि तुझ्या फंदीला विचार, यातला कुठला सुरीचा.

'एकमेकांना खातील' म्हणाला तेव्हा मिजवल धमकी देत नव्हता. शेवटचं सांगून जात होता.

माझा दात जमिनीने तुटला नाही. शाफीने तोडला, तंबूच्या काठीने, कारण मी म्हटलं की विस्तव खोटं बोलला. हे आता लिहिते, कारण आता लपवून कोणाला वाचवायचं आहे?

आणि मिजवल इथेच आहे. पडद्याआड, बायकांच्या बाजूला, माझ्या अंथरुणामागे. बंदूक परत खुंटीवर टांगली आहे. बारा बंदुका आणणार असशील तर आण. पडद्यापाशी आधी मी उभी असेन.

वदहा


अबू हफना
शुक्रवार, २५ जानेवारी. पडद्याच्या अलीकडून

माझ्या आईच्या लेकी,

आपल्यामध्ये आज बकरीच्या केसांचा एक पडदा आहे, हात लांबवला तर तुझ्या पदराला लागेल. तरी लिहून देतोय. का ते तू ऐकलंच असशील, पण मीच सांगायला हवं.

काल दुपारी ट्रकांची इंजिनं सुरू होती. बर्जस धुळीतून भोंगा वाजवत आला. मी दोन तुकडे ट्रकच्या टपावर शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ बघितले. फंदी म्हणाला, "असेल. पण करंगळीचं काय? शहबाचं काय?" मी म्हटलं, "करंगळी माझी आहे, मी ती त्याला दिली. शहबा त्याने मारली नाही. ज्याने तिला उपाशी ठेवलं त्याने मारली." फंदी थुंकला. म्हणाला, "म्हातारा झालास." मी किल्ल्या काढून घेतल्या. त्याने माझ्या तोंडावर मारलं. बरं वाटलं.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. बर्फाच्या दुसऱ्या दुपारी मी किंचाळी ऐकली होती. एक, मग दुसरी. हे कान आहेत वदहा, वारा आणि ससाणा यातला फरक त्यांना कळतो. पण बाहेर वीस पावलं बर्फ होतं आणि चुलीपाशी ऊब होती. मी स्वतःला म्हटलं, वारा आहे. मग तेराला दार उघडलं आणि मला कोणीतरी हवा होता, जो मी नसेन.

रस्त्यावरचं काळं निशाण उपटलं, पांढरं रोवलं. एकटाच आलो, बंदूक न घेता. पुढचं तुझ्या समोर, म्हणजे पडद्यामागे, झालं. बैठकीत मी सांगितलं, "मिजवलने वादी कापली नाही." चुलीतला पळा काढला. त्याआधी अख्खी पखाल प्यालो होतो, जीभ ओलीचिंब होती, आणि बोललो ते खरं होतं. तुकडे सगळ्यांच्या हातांतून फिरले होते. तीनदा चाटला. ओली जीभ, खरा शब्द, तरी भाजली. फोड सगळ्यांना दाखवले. शाफीला सगळ्यात जवळून. आता त्यांनी ठरवावं, खोटं कोण, मी की लोखंड. शाफीच्या काकाने पळा उचलून बाहेर फेकला.

माणसाने जिभेवर धंदा उभा केला, आता तीच नाही. चालायचंच. पत्रं लिहायची सवय तू लावून ठेवलीस.

मिजवल आता बैठकीत येऊन बसलाय, मधल्या खांबापाशी, मनगट मांडीवर. माझ्यापुढे कॉफीचा पेला आहे. मागणं घेऊन आलेला पाहुणा पितो का? मी तो खाली ठेवलाय. माफीला मिजवल हो म्हणेपर्यंत उचलणार नाही, इथेच बर्फ होईन. त्याने सकाळपासून पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मी त्याच्या हाडांचं काही देऊ शकत नाही. दोन ससाणे उरलेत, ते त्याच्या हवाली, खोल्या त्याच्या, पाटीही त्याची. मी मांस कापत जाईन, जितकं तो सांगेल तितकं.

तू त्याला सांग. तुझं तो ऐकतो.

नहार


पडद्याच्या पलीकडून, आत्ताच

मी काही सांगणार नाही. तूही सांगू नकोस म्हणते. तुझं सांगणं पुष्कळ झालं.

पण तो आत्ता मागच्या बाजूने इकडे आला होता. तुझा पेला थंड पडला होता म्हणून शाफीने त्यात नवी कॉफी ओतली, ते त्याने पाहिलं असावं. माझ्यापाशी उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा. आणि नहार, वीस दिवसांनी बोलला. शब्द जाडजाड येतात, पण येतात.

म्हणाला, "त्याला म्हणावं, पी. पण आधी थंड होऊ दे. गरम नाही जात त्या जिभेने. मला माहीत आहे."